यूव्ही मॅपिंग शिकताना: तांब्याच्या बंबावर शिवण कोठे द्यावी?

ओसरी · शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार. मी पुस्तकांची पानमांडणी करतो, त्यामुळे सपाट कागद आणि समास यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे. घनाकृतींशी मात्र शाळा सुटल्यानंतर आत्ताच पुन्हा गाठ पडली. गेल्या पावसाळ्यात ब्लेंडर हा त्रिमितीय आकार घडवण्याचा प्रोग्रॅम शिकायला घेतला आणि सरावासाठी आमच्या माळ्यावरचा, पाणी तापवायचा तांब्याचा बंब खाली काढला. टेप लावून घेतलेली मापे अशी: पोटाचा व्यास ३६ सेंटीमीटर आणि उंची ४५. पोटाच्या वर खांदा निमुळता होत १२ सेंटीमीटर व्यासाच्या धुराड्याला मिळतो, आणि खांद्याची उतरती बाजू १५ सेंटीमीटर भरते. त्यावर धुराडे आणखी २० सेंटीमीटर उभे आहे आणि त्याला अर्धगोल झाकण आहे. पुढे तोटी, दोन बाजूंना कड्या, खाली तीन पाय. सगळ्या अंगावर मठाराचे ठोके आहेत, प्रत्येक ठोका सेंटीमीटरभराचा. आणि खांद्यावर, तोटीच्या बरोबर वर, ठिपक्याठिपक्यांनी आजीचे नाव घातले आहे.

आकार घडवणे जमले, अडले ते यूव्हीपाशी, म्हणजे आकाराचे पृष्ठ शिवणींवर कापून चित्र चढवण्यासाठी सपाट उलगडण्यापाशी. ठोक्यांचे टेक्श्चर, म्हणजे पृष्ठावर चढवायचे चित्र, मी आधी वेगळे तयार करून ठेवले होते आणि सपाट पडद्यावर ते सुरेख दिसते. बंबावर चढवले की पोटावरचे गोल ठोके उभट होतात, आणि खांद्यावर तर खालच्या कडेला ठीक असलेले ठोके वर जाता जाता तांदळाच्या दाण्यासारखे चिंचोळे होतात. चेकर, म्हणजे चौकोनांचे तपासणीचे चित्र, लावून पाहिले, तेव्हा पोटावरचा प्रत्येक चौकोन रुंदीच्या सव्वापट उंच निघाला. खांद्याची पट्टी मी ‘फॉलो अ‍ॅक्टिव्ह क्वाड्स’ वापरून सरळ आयत केली होती, कारण तिरपे वाकडे तुकडे मांडणीत पाहवत नाहीत. मग आपोआप तुकडे पाडणारे ‘स्मार्ट यूव्ही प्रोजेक्ट’ करून पाहिले, तर नावाच्या मधूनच एका तुकड्याची कड गेली आणि आजीच्या नावातला काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे झाले.

मी ज्या शिकवणीवर्गात जात होतो तेथे ‘सगळे निवडा, यू दाबा, पहिला पर्याय घ्या’ एवढ्यावर हा विषय संपला. म्हणून येथे विचारतो. शिवण कोठे द्यायची हे कशावरून ठरवतात? खांदा सरळ करणे चुकीचे होते का? आणि एवढ्या वस्तूला टेक्श्चर किती मोठे घ्यावे?

शून्य_ते_एक · शनिवार, रात्री ११:०२

खांद्याचे नंतर पाहू. पोटावरचे चौकोन सगळीकडे सारखेच सव्वापट उंच आहेत, ही खूण महत्त्वाची आहे. चुकीच्या शिवणीमुळे येणारा ताण जागोजागी बदलतो. सगळीकडे एकाच प्रमाणात आलेला ताण बहुधा स्केलचा असतो. ऑब्जेक्ट मोडमध्ये एन दाबून उजवीकडच्या पट्टीत स्केलचे तीन आकडे काय दिसतात, ते कृपया लिहावे.

ओसरी · शनिवार, रात्री ११:१०

०.१८०, ०.१८०, ०.२२५.

शून्य_ते_एक · शनिवार, रात्री ११:३१

मग पोटाचे दुखणे सापडले. ब्लेंडरचा नवा सिलिंडर १ मीटर त्रिज्येचा आणि २ मीटर उंचीचा येतो. आपण तो ऑब्जेक्ट मोडमध्येच दाबून मापात आणला आणि उंचीला वेगळे प्रमाण लावले. अनरॅप करताना, म्हणजे पृष्ठ उलगडताना, प्रोग्रॅम आतल्या मेशचे (आकाराच्या जाळीचे) मूळ आकडे पाहतो, बाहेरून लावलेले स्केल पाहत नाही. त्याच्या लेखी आपला बंब अजून त्या मूळ सिलिंडरइतकाच बुटका आहे. ०.२२५ भागिले ०.१८० म्हणजे १.२५, हाच आपला सव्वापट. कंट्रोल आणि ए दाबून ‘स्केल’ निवडावे, तिन्ही आकडे १ झाल्याची खात्री करावी आणि मगच पुन्हा अनरॅप करावे. स्केल असमान असले की ब्लेंडर खालच्या पट्टीत तशी सूचना देतो, पण ती ओळ वाचणारा मनुष्य मला अजून भेटलेला नाही. मीही दोन वर्षे वाचली नव्हती.

सिलिंडर आणताना ब्लेंडर आपोआप जी यूव्ही देतो, तिच्यावरही विसंबू नये. तिच्यात बाजूची भिंत चौकटीच्या वरच्या अर्ध्या भागात आणि दोन्ही झाकणे खालच्या अर्ध्यात बसवलेली असतात. मूळ सिलिंडरचा परीघ ६.२८ आणि उंची २, म्हणजे भिंतीचे खरे प्रमाण ३.१४ ला १ असते. यूव्हीत तिला २ ला १ अशी जागा मिळते. स्केलला हात लावला नाही तरी त्या यूव्हीत चौकोन आडवे पसरलेलेच दिसतात.

हा धागा पुढे कोणी नवशिक्याने वाचला तर त्याच्यासाठी एक ओळ लिहून ठेवतो. एक्स, वाय, झेड ही अक्षरे अवकाशातल्या दिशांना आधीच दिलेली असल्यामुळे चित्रावरच्या आडव्या आणि उभ्या दिशांना यू आणि व्ही म्हणतात, आणि चित्र कितीही पिक्सेलचे असले तरी या दोन्ही दिशा ० ते १ अशाच मोजतात. मॉडेलच्या प्रत्येक कोपऱ्याचा चित्रावरचा पत्ता लिहून ठेवणे, एवढेच हे काम आहे. वक्र पृष्ठभागावर चित्र चढवण्याची ही पद्धत एडविन कॅटमल यांनी यूटा विद्यापीठातल्या आपल्या १९७४ च्या प्रबंधात मांडली होती.

गोलघुमट · रविवार, सकाळी ८:२०

मी शाळेत गणित शिकवतो आणि ब्लेंडरमध्ये स्वतः चाचपडणाराच आहे, पण खांद्याचा प्रश्न माझ्या गल्लीतला आहे.

आपल्या बंबात तीन प्रकारची पृष्ठे आहेत. पोट आणि धुराडे या वृत्तचिती. वृत्तचिती उभी कापली की पृष्ठ कोठेही न ताणता सपाट होते. परीघ ३६ गुणिले पाय म्हणजे सुमारे ११३ सेंटीमीटर, म्हणून पोटाचा आयत ११३ बाय ४५ चा. तेथे एक उभी शिवण आणि वर-खाली कडा, एवढे पुरते.

खांदा हा शंकूचा तुकडा आहे. शंकूही न ताणता सपाट होतो, पण आयतात नाही, पंख्यात होतो. खांद्याची खालची त्रिज्या १८ आणि वरची ६. १५ सेंटीमीटरच्या उतारात त्रिज्या १२ ने घटते, म्हणून तोच उतार टोकापर्यंत वाढवला तर शंकूची पूर्ण तिरकस उंची २२.५ सेंटीमीटर होईल. सपाट केल्यावर होणाऱ्या पंख्याचा कोन म्हणजे ३६० गुणिले १८ भागिले २२.५, अर्थात २८८ अंश. आपला खांदा उलगडला की बाहेरून २२.५ आणि आतून ७.५ सेंटीमीटर त्रिज्येचे, ७२ अंशांची फट असलेले कडे मिळायला हवे. खरे वाटत नसेल तर जुन्या वर्तमानपत्रातून असे कडे कापावे, फटीच्या दोन्ही कडा जुळवाव्या आणि बंबावर टोपीसारखे बसवून पाहावे. मी काल रात्री आमच्या सातवीतल्या मुलाकडून ते करून घेतले. बंब नसल्यामुळे ते कडे सध्या समईच्या डोक्यावर आहे.

आपण हे कडे ओढून आयत केले, म्हणजे वरच्या ३८ सेंटीमीटरच्या परिघाला खालच्या ११३ सेंटीमीटरच्या परिघाइतकीच जागा दिली. बंबावर परतताना ती जागा पुन्हा ३८ मध्ये कोंबली जाते, म्हणून धुराड्याजवळच्या ठोक्याची रुंदी एकतृतीयांश उरते. आपले तांदळाचे दाणे ते हेच.

तिसरे पृष्ठ झाकणाचे, आणि तेथे मात्र शरणागती पत्करावी लागते. गोलाचा कोणताही भाग, मग तो कितीही छोटा असो, न ताणता सपाट करता येत नाही, हे गणितज्ञ गाउस यांनी १८२७ मध्ये सिद्ध केले. नकाशाकारांना ही अडचण त्याआधीच ठाऊक होती. मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीने काढलेल्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. आपले अर्धगोल झाकण मधून काठापर्यंतची अंतरे खरी ठेवून चकतीसारखे पसरले, तर काठ मूळ परिघाच्या १.५७ पट लांब होतो. काठाकडून मध्याकडे तीनचार चिरा दिल्या, पण मध्यापर्यंत नेल्या नाहीत, तर हा ताण बराच उतरतो. मात्र प्रत्येक चीर ही आणखी एक दिसणारी शिवण असते. झाकणावर कोणी पाहणार नसेल तर एकही चीर न देता काठाचा ताण सोसावा, असे मला वाटते.

कसबापेठकर · रविवार, दुपारी १:४५

माझे लहानपण पुण्याच्या तांबट आळीच्या शेजारी गेले. सकाळी जाग यायची ती ठोक्यांच्या आवाजाने. त्या ओळखीवर थोडे लिहितो. संगणकातले ज्ञान बेताचेच आहे.

गोलघुमट यांनी जे कडे वर्तमानपत्रातून कापले, ते तांबट पत्र्यातून कापतो. पोटासाठी पत्रा वळवून त्याच्या दोन कडा उभ्या जोडतात. आमच्या घरच्या बंबावर हा जोड नीट पाहिला तर एका कडेला पाडलेले दाते दुसऱ्या कडेत अडकवून वरून झाळलेले दिसतात. पोट आणि खांदा जेथे मिळतात तेथे कड वळवलेली असते. अशा वस्तूची शिवण शोधताना डोके खाजवायची गरज काय? ज्याने वस्तू बनवली त्याने कापण्याच्या आणि जोडण्याच्या जागा आधीच ठरवून ठेवल्या आहेत. जोड तेथे शिवण, कड तेथे शिवण. पोलक्याचे यूव्ही करणाऱ्यानेही हेच करावे. शिंप्याने बेतलेले तुकडे हेच त्याचे तुकडे.

आणि नावाच्या जवळपास शिवण येऊ देऊ नका. नाव घालणारा माणूसही जोडावर नाव घालत नसे.

रात्रपाळी · रविवार, रात्री ९:०५

मी व्हँकुव्हरमध्ये खेळांसाठी वस्तू तयार करण्याच्या कामात आहे. कसबापेठकर यांचा सल्ला नवशिक्यासाठी फारच चांगला आहे आणि मी हाताखालच्या मुलांना जवळपास तोच देतो. फक्त तो आंधळेपणाने पाळू नये. तांबट ठोकून पत्रा ताणू शकतो, आपल्याला ती मुभा नाही. तळ, झाकण, लोटी, असे कितीतरी भाग एकाच चकतीतून ठोकून उठवलेले असतात आणि त्यांवर जोड शोधून सापडणार नाही, तरी आपल्याला ते कापावेच लागतात. उलटपक्षी एखाद्या जुन्या भांड्याला पुढच्या बाजूने ठिगळ मारलेले असेल, तर तेथे शिवण देण्याचे काही कारण नाही. ते ठिगळ चित्रात काढता येते.

मी शिवणीचा विचार अशा क्रमाने करतो. पहिल्यांदा ज्या कडा काटकोनासारख्या तीव्र आहेत आणि ज्यांना आपण ‘शार्प’ केले आहे, तेथे शिवण देतोच, कारण पुढे नॉर्मल मॅप (उंचसखलपणाचा भास देणारे चित्र) बेक करताना, म्हणजे मॉडेलवरून काढून घेताना, तीव्र कडेवर तुकडे अखंड राहिले तर कडेलगत छायेचे पट्टे उमटतात. त्यानंतर पृष्ठ सपाट होण्यासाठी लागणारे किमान छेद, आणि ते पाहणाऱ्याच्या पाठीमागे. आपल्या बंबात याचा अर्थ असा: पोटाच्या वरच्या वळवलेल्या कडेखाली आणि तळाशी एकेक वर्तुळ, पोट, खांदा आणि धुराडे यांना मागून एकाच रेषेत उभी शिवण, धुराडे आणि खांदा यांच्या सांध्यात एक वर्तुळ. एज (मेशची कड) निवडून कंट्रोल आणि ई, मग ‘मार्क सीम’. शिवणी बरोबर असतील तर उलगडण्याची पद्धत ‘अँगल बेस्ड’ घ्या की ‘कन्फॉर्मल’, पोटाला आणि खांद्याला फरक पडणार नाही. फरक पडेल तो झाकणाला, ४.३ आवृत्तीपासून आलेली ‘मिनिमम स्ट्रेच’ तेथे करून पाहावी.

आता आकार. गोलघुमट यांच्या मापांवरूनच मांडणी करू. पोट ११३ रुंद आहे, म्हणून चौकट ११३ बाय ११३ सेंटीमीटरची धरावी. पोटाने वरचे ४५ घेतले की खाली ६८ सेंटीमीटर उंचीची जागा राहते. त्यात खांद्याचे कडे ४५ बाय ४५, शेजारी तळाची चकती ३६ बाय ३६, त्यांच्या खाली धुराड्याचा आयत ३८ बाय २०, आणि उजवीकडे उरलेल्या ३२ सेंटीमीटरच्या पट्टीत झाकण, तोटी, कड्या आणि पाय. २०४८ पिक्सेलचे टेक्श्चर घेतले तर एका सेंटीमीटरला १८ पिक्सेल येतात. कडेच्या समासासाठी सगळे थोडे आक्रसले की १७. सेंटीमीटरभराच्या ठोक्याला १७ पिक्सेल पुरे आहेत. नावाच्या ठिपक्याला मात्र ते अपुरे पडतील, कारण ठिपका दोन मिलिमीटरचा असेल तर त्याच्या वाट्याला तीनच पिक्सेल येतात. जवळून दाखवायचे असेल तर ४०९६ घ्यावे. सगळ्या तुकड्यांना सेंटीमीटरमागे सारखेच पिक्सेल मिळाले पाहिजेत; त्यासाठी आधी ‘अ‍ॅव्हरेज आयलंड्स स्केल’ आणि मग ‘पॅक आयलंड्स’ वापरावे. हा क्रम उलटा केला तर पॅकिंग वाया जाते.

समासाचे महत्त्व ओसरी यांना सांगायला नको, पण येथे त्याचे कारण वेगळे आहे. वस्तू दूर गेली की खेळ तिचे टेक्श्चर निम्मे, पुन्हा निम्मे, असे लहान करून वापरतो. दोन तुकड्यांमध्ये १६ पिक्सेलचे अंतर असेल तर चार वेळा निम्मे केल्यावर ते १ पिक्सेल उरते, आणि त्यापुढे शेजारच्या तुकड्याचा रंग शिवणीतून डोकावू लागतो. २०४८ साठी १६ पिक्सेल हा आमच्याकडे रूढ आकडा आहे. ४०९६ घेतले तर दुप्पट ठेवावा.

कसबापेठकर · सोमवार, सकाळी ७:५०

तळ ठोकून उठवलेला असतो हे मान्य. ठिगळाचेही मान्य. तरी उभी शिवण जोडावरच द्या, या म्हणण्यावर मी ठाम आहे. ती ‘मागच्या बाजूला कोठेतरी’ आणि ‘खऱ्या जोडाच्या जागी’ यांतला फरक तुम्हाला पडद्यावर दिसेल.

झटपट · सोमवार, दुपारी १२:३०

एवढा खटाटोप हवाच का? ठोक्यांसारखे सगळीकडे सारखे असणारे टेक्श्चर तर यूव्ही न करताही तिन्ही दिशांनी प्रक्षेपित करता येते. डिस्नेच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने २००८ मध्येच पीटेक्स ही पद्धत आणून प्रत्येक फेसला (मेशच्या प्रत्येक छोट्या पृष्ठाला) स्वतःचे टेक्श्चर दिले आणि यूव्हीची कटकट मोडीत काढली.

शून्य_ते_एक · सोमवार, दुपारी २:१०

एकच स्थिर चित्र काढायचे असते आणि अंगावर फक्त ठोके असते, तर मीही तेच सुचवले असते. परंतु येथे ठोक्यांच्या रांगा बंबाभोवती आडव्या फिरतात. तीन दिशांनी प्रक्षेपित केले तर जेथे दोन प्रक्षेपणे एकमेकांत मिसळतात तेथे रांगा तुटतात. शिवाय नाव एकाच ठिकाणी आहे आणि ते वाचता आले पाहिजे. पीटेक्सने आपल्या जागी मोठे काम केले, पण खेळांची इंजिने आणि बहुतेक प्रोग्रॅम आजही यूव्हीच मागतात. ओसरी यांना हे शिकायचे आहे, आणि वस्तूही त्यांनी अशी निवडली आहे की तिच्यात वृत्तचिती, शंकू आणि गोल तिन्ही सापडतात. १९७५ मध्ये संगणक-चित्रणातले संशोधक मार्टिन न्यूवेल यांनीही घरातली चहाची किटलीच घेतली होती आणि ती पुढे या साऱ्या क्षेत्राची कसोटीची वस्तू झाली.

ओसरी · बुधवार, रात्री ११:४०

सर्वांचे आभार. दोन रात्री खर्ची पडल्या, त्यांचा हिशेब देतो.

स्केल लावून पुन्हा अनरॅप करताच पोटावरचे चौकोन चौकोन झाले. खांद्याला मागे एक शिवण देऊन उलगडले आणि पडद्यावर खरोखरच फट असलेले कडे आले. मी कोनमापक पडद्याला लावला. फट ७२ अंशांच्या आसपासच भरली. तांदळाचे दाणे गेले.

मात्र खांदा वक्र झाल्यामुळे नाव लिहिणे अवघड झाले, ते आयतात सोपे होते. शेवटी असे केले की कडे फिरवून नावाची जागा बरोबर खाली आणली, म्हणजे अक्षरे उभी राहतात. नाव १२ सेंटीमीटर लांब आहे आणि कड्याच्या मध्यापासून सुमारे २१ सेंटीमीटरवर येते, म्हणजे कंस ३३ अंशांचा. पहिले आणि शेवटचे अक्षर सोळासोळा अंश कलते, एवढेच. आमच्या पानमांडणीच्या प्रोग्रॅममध्ये कंसावर मजकूर बसवणे हे लग्नपत्रिकांचे काम. ते पहिल्यांदाच कारणी लागले. मजकूर थेट टाइप न करता बंबाच्या छायाचित्रावरून एकेक ठिपका गिरवला, कारण नाव घालणाऱ्याने एका अक्षराची वेलांटी विसरून ती नंतर वर दाटीत बसवली आहे, आणि ती तशीच हवी होती.

दोन अडचणी उरल्या. ठोक्यांचा नॉर्मल मॅप मी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये करून आणला, तर ब्लेंडरमध्ये ठोके खोलगट न दिसता फोडांसारखे वर आलेले दिसतात. आणि तिन्ही पायांना मी एकच तुकडा वाटून दिला, तर एका पायावर काढलेला ओरखडा तिन्ही पायांवर त्याच जागी उमटला.

रात्रपाळी · गुरुवार, सकाळी ६:१५

फोडांचे कारण बहुधा हिरवी वाहिनी आहे. नॉर्मल मॅपमध्ये उभी दिशा हिरव्या वाहिनीत साठवतात आणि ती मोजण्याच्या दोन रीती आहेत, ओपनजीएलची आणि डायरेक्टएक्सची. एकीत वर ते दुसरीत खाली. ब्लेंडर आणि युनिटी हे खेळांचे इंजिन पहिली मानतात, अनरिअल हे इंजिन दुसरी. आणलेला मॅप दुसऱ्या रीतीचा असला की वरून येणाऱ्या प्रकाशात खड्डा उंचवट्यासारखा भासतो, आडव्या बाजूने मात्र सगळे ठीक दिसते. त्या प्रोग्रॅममधून मॅप काढताना रीत बदलावी किंवा ब्लेंडरमध्ये हिरवी वाहिनी उलटी करावी. ते चित्र ‘नॉन-कलर’ (रंग नव्हे, नुसते आकडे) म्हणून उघडले आहे ना, हेही पाहावे.

त्याआधी ‘कलर ग्रिड’ चित्र चढवून पाहावे. त्यात अक्षरे असतात. कोठे ती आरशातल्यासारखी उलटी दिसली, तर तो तुकडा पालथा आहे, आणि पालथ्या तुकड्यावरही ठोक्यांची दिशा फसते.

पायांचे सोपे आहे. जागा वाटून घेतली की खुणाही वाटून येतात. पुढचा पाय दिसतो, त्याला स्वतंत्र तुकडा द्यावा. मागचे दोन एकमेकांवर राहू द्यावेत. आणि नॉर्मल मॅप बेक करणार असाल, तर एकमेकांवर असलेल्या तुकड्यांपैकी एकच चौकटीत ठेवून बाकीचे बरोबर १ एककाने बाजूला सरकवावेत. टेक्श्चर दर एककाला पुन्हा तेच येत असल्यामुळे दिसण्यात फरक पडत नाही, आणि बेक करताना एकाच जागेवर दोन पाय रंगत नाहीत.

गोलघुमट · गुरुवार, सकाळी ९:००

फट ७२ अंशांच्या ‘आसपास’ भरली असे आपण लिहिले आहे. खांद्याच्या वर्तुळाला बाजू किती आहेत? ३२ असतील तर तो वर्तुळाचा शंकू नसून ३२ बाजूंचा सूचिछेद आहे आणि फट किंचित वेगळी येणारच. हे केवळ आमच्या समाधानासाठी विचारले.

ओसरी · गुरुवार, रात्री १०:२०

३२ च आहेत.

ओसरी · रविवार, दुपारी ४:३०

हिरवी वाहिनी उलटी केली, ठोके आत गेले. पुढच्या पायाला उजव्या पट्टीत जागा मिळाली. झाकणाला गोलघुमट यांच्या सल्ल्याप्रमाणे एकही चीर दिली नाही.

एकच गोष्ट खुपत होती. पोटाच्या मागच्या शिवणीवर ठोक्यांच्या रांगा जुळत नव्हत्या. डावीकडून आलेला अर्धा ठोका आणि उजवीकडून आलेला अर्धा ठोका मिळून एक विचित्र, पिचलेला ठोका होत होता. दोन तास क्लोन करून तो लपवण्याचा प्रयत्न केला. मग कसबापेठकर यांचे म्हणणे आठवले आणि आज सकाळी खऱ्या बंबाला विजेरी लावून पाहिले. जोड मागे नाहीच. तो उजव्या कडीच्या खाली, चार बोटे मागच्या अंगाला आहे, आणि दाते अगदी त्यांनी लिहिल्यासारखे एकमेकांत अडकलेले आहेत. गंमत म्हणजे त्या जोडावर खऱ्या बंबाच्याही रांगा जुळत नाहीत. तांबटाने तेथे ठोके विरळ करून झाळीची पट्टी तशीच सोडली आहे.

जुनी शिवण ‘क्लिअर सीम’ने काढली, कडीखालच्या एजना नवी शिवण दिली, पोट पुन्हा उलगडले. ११३ चा तोच आयत, फक्त दुसरीकडून कापलेला. त्याच्या दोन्ही उभ्या कडांवर अर्धे अर्धे दाते काढले, मध्ये झाळीचा फिकट पिवळसर रंग भरला आणि ठोके दोन सेंटीमीटर अलीकडेच थांबवले.

कसबापेठकर · रविवार, सायंकाळी ६:०५

झाळीचा रंग थोडा मळका करा. इतकी वर्षे चुलीशेजारी राहिलेला बंब आहे तो.